निराधार यमुनाबाईंचा सत्कार

फोटो काढायचा तर समोरच्या माणसाला आधी पदर सारखा करू द्यावा, एवढी रीत यमुनाबाईंच्या नातीला नव्हती, आणि ही मुलगी विद्यापीठात शिकत होती. चौथीत शाळा सुटलेल्या यमुनाबाईंना जे कळत होतं, ते तिथल्या एवढ्या शिकलेल्या लोकांनी हिला सांगितलं नव्हतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत, आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत यमुनाबाई पोत्यावर बसून एका घंघाळाला चिंच चोळत होत्या. अंगावर त्याच कामाची साडी, खांद्यावर विरलेली, चिंचेच्या डागांनी माखलेली. राजनंदिनी आली, मोबाइल वर धरला, "आजी, इकडे बघू नकोस" म्हणाली, फोटो काढला, "परफेक्ट" म्हणाली आणि निघून गेली. पाणी प्यायली नाही. कशी आहेस, हेही विचारलं नाही.

"कपाट उघडलं तर पैठण्या अंगावर पडतात," यमुनाबाई दुकानातल्या वैजनाथला म्हणाल्या. "आणि या बयेला फोटोला हीच साडी सापडली."

वैजनाथ दुकानात होता तो मालक, म्हणजे यमुनाबाईंचे यजमान, हयात होते तेव्हापासून. त्याने नुसती मान हलवली. बाई रागात असताना मान हलवावी, तोंड हलवू नये, हे तो मालकांकडूनच शिकला होता.

फोटोचा उलगडा काही दिवसांनी झाला. संध्याकाळी घरी राजनंदिनी आपणहून आजीचे पाय चेपायला बसली, तेव्हाच यमुनाबाई सावध झाल्या. एरवी या मुलीला आजीचे पाय कुठे असतात हेही माहीत नसायचं.

"कोण आहे मुलगा?" त्यांनी विचारलं.

"मुलगा नाही गं. कम्युनिटी सर्व्हिस आहे."

हे मुलापेक्षा वाईट निघालं. राजनंदिनी शिकत होती ते विद्यापीठ ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेलं. शिस्त कडक, गळ्यात ओळखपत्र, दुपारी प्रार्थनेची घंटा, आणि मुलगी वेळेवर घरी येईल या भाबड्या आशेने संतोषने, म्हणजे यमुनाबाईंच्या मुलाने, तिला तिथे घातलं होतं. तिथला एक नियम असा, की प्रत्येकाने तीन वर्षांत एखाद्या गरजू माणसासोबत ठरलेले तास घालवायचे. त्याच्याशी बोलायचं, त्याची कामं करायची. तास भरले नाहीत तर पदवी हातात पडत नाही. बाकीची पोरं कोणी अनाथाश्रमात गेली, कोणी झोपडपट्टीत शिकवायला गेली. राजनंदिनी तीन वर्षं फेस्टच्या नाचाच्या तालमीत होती, आणि तालीम नसेल तेव्हा कँटीनमध्ये. शेवटच्या सेमिस्टरला सिस्टरांनी हिशोब मागितला, तेव्हा हिने घरातल्या घरात गरजू शोधला आणि सगळे तास भरले असं लिहून दिलं.

"म्हणजे माझं नाव दिलंस."

"हो."

"काय म्हणून?"

राजनंदिनी पायाकडे बघत म्हणाली, "निराधार वृद्ध महिला. मूलबाळ नाही, नातेवाईक नाहीत. एका दुकानाच्या मागे राहते. दोन शब्द बोलायला कोणी नाही."

संतोषने पेपर खाली घेतला. "मूलबाळ नाही? मग मी कोण?"

"बाबा, तुम्हाला घेतलं असतं तर आजी निराधार कशी राहिली असती?"

हे संतोषला पटलं. संतोषला फार लवकर पटतं. म्हणूनच तो खडकीच्या फॅक्टरीत नोकरीला होता आणि दुकान यमुनाबाईंकडे होतं.

उद्या सिस्टर खात्री करायला येणार होत्या. यमुनाबाईंनी पाय ओढून घेतले आणि सांगितलं, की आजवर कोणापुढे पदर पसरला नाही, सख्ख्या भावापुढे नाही, आणि या वयात त्या नाटकात काम करणार नाहीत. राजनंदिनी रडली. सून आनंदी म्हणाली, "मी दोन वर्षं विचारतेय तास झाले का म्हणून. 'चालू आहे आई, चालू आहे.' हे चालू होतं." संतोष म्हणाला, पदवी अडली तर हिंजवडीची ठरलेली नोकरी जाईल. "आणि पदर कुठे पसरायचाय, आई? नुसतं बसायचंय."

नुसतं बसायचंय. दुकानाच्या गल्ल्यावर उभं आयुष्य बसलेल्या बाईला हे संतोषने सांगावं.

पण नातीचं वर्ष होतं. नोकरी होती. यमुनाबाई बसल्या. पाटल्या काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. शेवटी पदर मनगटापर्यंत ओढून घ्यावा असा तह झाला.

सिस्टर दीपमाला श्रीरामपूरकडच्या. मराठी खणखणीत, नजर त्याहून. बरोबर तीन-चार विद्यार्थी, एक ब्लँकेट आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून आणलेला शिऱ्याचा डबा. यमुनाबाई स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या भांड्यांमध्ये, निराधार होऊन बसल्या. ब्लँकेट त्यांच्या खांद्यावर घालण्यात आलं. मे महिना होता.

"आजी, काही त्रास?" सिस्टरांनी विचारलं.

"उकडतंय," यमुनाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या बोलल्या त्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं.

तेवढ्यात बाहेरून वैजनाथची हाक आली. त्याला सगळं समजावून सांगितलं होतं, पण गिऱ्हाईक दिसलं की वैजनाथला दुसरं काही आठवत नसे. "बाई, हा बंब थोडा कमी करून मागतायत."

"एक पैसा कमी होणार नाही," ब्लँकेटच्या आतून यमुनाबाई म्हणाल्या. "मठार बघा म्हणावं त्यावरचा, हाताने ठोकलाय. परवडत नसेल तर प्लॅस्टिकची बादली घ्या म्हणावं, पलीकडच्या गल्लीत मिळते."

राजनंदिनीचा चेहरा शिऱ्यासारखा पिवळा पडला. "इथेच राहून राहून त्यांना दुकानातलं कळायला लागलंय, सिस्टर," ती म्हणाली.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "मन रमतं."

एवढ्यावर निभावलं असतं, पण फॅक्टरीला निघालेला संतोष स्कूटरची किल्ली दुकानात विसरला होता. फॅक्टरीच्या कपड्यांतच तो मागच्या खोलीत शिरला आणि सिस्टरांना बघून दारात खिळला. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "दुकान आपलं का? या आजींना खोली आपणच दिलीत?"

संतोषने आईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

"देव आपलं भलं करो. पोटची मुलं करत नाहीत आजकाल."

"हो ना," संतोष म्हणाला. "काही मुलं फारच नालायक असतात."

मग त्याने विनयाने हात जोडले, आणि सिस्टरांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. यमुनाबाई बघत राहिल्या. नवऱ्याच्या माघारी सासरच्यांशी भांडून राखलेलं दुकान, त्यातली आपलीच अडगळीची खोली, आणि ती आपल्याला राहायला दिल्याबद्दल आशीर्वाद संतोषला. त्या रात्री त्याला ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली गेली नाही.

आता खरी चूक झाली ती डब्याची. कोणाच्या घरचं भांडं आलं तर ते रिकामं परत जात नाही. ही काही विद्यापीठात शिकवायची गोष्ट नव्हे, माणूस ती हाडांत घेऊन जन्माला येतो. सिस्टर निघाल्या तशा यमुनाबाईंनी शिऱ्याचा डबा रिकामा केला, विसळला, आणि दुकानात वैजनाथच्या चहाबरोबर ठेवलेले साजूक तुपातले बेसनाचे लाडू त्यात गच्च भरून दिले. राजनंदिनी डोळ्यांनी नको नको म्हणत होती. यमुनाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. निराधार असले तरी काय झालं, डबा रिकामा देऊ की काय?

त्यानंतर पेठेचा बंदोबस्त करणं कोणाच्या हातात राहिलं नाही. समोरच्या इमारतीतल्या इंदुबाईंनी पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर, पोरांची रांग आणि ब्लँकेट एवढं पाहिलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतः भरलं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात येऊन गल्ल्यावर कोपर टेकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "यमुनाबाई, आपल्याला कायदा आहे हो. मुलगा बघत नसेल तर प्रांतांकडे अर्ज करायचा. माझ्या मावसनणंदेने केला. आता सून रोज दूध आणून देते."

"माझी सून मला रोज दूध देते."

"तसंच सांगायचं असतं," इंदुबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात थोपटून गेल्या.

शेजारच्या दुकानात कल्हई लावणारा नियाज दुपारी आला आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळला. "मावशी, अब्बांच्या वेळेपासून आपण भिंतीला भिंत लावून आहोत. अडचण होती तर मला सांगायचं ना. बाहेरच्यांना कशाला?" एवढं बोलून त्याने पिठाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. यमुनाबाईंनी ती पिशवी उचलून त्याच्या दुकानात नेऊन आपटली, आणि मग घरी जाऊन देवासमोर बसून राहिल्या, कारण नियाजवर ओरडायला नको होतं. ओरडायचं ज्या मुलीवर, ती तालमीला गेली होती.

सिस्टरांबरोबर आलेल्या पोरांत सबा नावाची एक मुलगी होती. तिचे तास केव्हाच भरले होते, तरी ती चार दिवसांनी एकटी आली. "आजी, तुम्ही बंबाचं काय म्हणालात, मठार? ते काय असतं?" यमुनाबाईंना वाटलं, बया चौकशीला पाठवलेली दिसते. पण पोरगी पोत्यावरच बसली आणि ऐकत राहिली. मग यमुनाबाईंनी तिला एक हांडा वाजवून दाखवला. ठोकून ठोकून पत्रा कसा कणखर होतो, न ठोकलेला कसा दबतो, ते सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा हातोड्यांच्या आवाजाने पहिला महिना डोकं कसं धरलं होतं, आणि पुढे तो आवाज रविवारी बंद असला की कसं चुकल्यासारखं व्हायचं, तेही सांगितलं. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. सबा गेल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. परक्या पोरीपुढे एवढं बोलायचं काही कारण नव्हतं.

इकडे लाडू विद्यापीठात पोहोचले होते. ते खुद्द मुख्य फादरांनी खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर सांगितलं, की जिच्या घरी उद्याच्या पिठाची शाश्वती नाही, तिने आपल्याजवळचं सगळं तूप आपल्यासाठी वेचलं. म्हणे हॉलमध्ये पोरं रडली. वार्षिक समारंभात त्या माऊलीचा सत्कार करायचं ठरलं.

"लाडू कशाला दिलेस, आजी?" राजनंदिनी घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. "चिवडा दिला असता तर चाललं असतं."

यमुनाबाईंनी जायचं नाही असं ठरवलं. पण सत्काराला लाभार्थी आली नाही तर चौकशी होईल, चौकशी झाली तर तास बाद होतील, असं संतोषने समजावलं. तेव्हा त्यांनी आधी संतोषला, मग फॅक्टरीला, मग एकूण समाजसेवेला शिव्या घातल्या आणि यायचं कबूल केलं.

फाटकावर वॉचमनने ओळखपत्र मागितलं. ते नव्हतं. आधार कार्ड मागितलं. आधार कार्डावर संतोषच्या घराचा पत्ता आणि आडनाव होतं, ते दाखवून चालणार नव्हतं. "आधार नाहीये," राजनंदिनी म्हणाली. वॉचमन म्हणाला, मग पाहुण्यांच्या खिडकीवर जा. खिडकीवरची बाई म्हणाली, पाहुण्यांना बोलावणाऱ्या विभागाचा शिक्का लागतो. विभाग समारंभात होता. शिक्का कुलपात होता. मुलं पायऱ्यांवर बसून बर्गर खात होती, एक जोडपं गुलमोहराखाली हात धरून भांडत होतं, आणि सत्कारमूर्ती उन्हात. अखेर खिडकीतून एक पिवळं कार्ड मिळालं. दोरी होती, गळ्यात घालायचं. यमुनाबाईंनी ते डोळ्यांपासून लांब धरून एकेक अक्षर लावत वाचलं.

"ला-भा-र्थी. म्हणजे काय?"

"ज्याला लाभ झाला तो," राजनंदिनी म्हणाली.

"बघते तर मी कोणाला झालाय तो."

हॉल गच्च भरला होता. स्टेजवर यमुनाबाईंना मधली खुर्ची मिळाली. भिंतीवर मोठा क्रूस होता. यमुनाबाईंनी त्याला नमस्कार केला. देव कोणाचाही असला तरी ओळख दाखवावी. मग तो फोटो पडद्यावर आला, भिंतभर. विरलेली साडी, चिंचेचे डाग, आणि खाली बघणारी म्हातारी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत राजनंदिनी जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या शेजारी सबा मनापासून टाळ्या वाजवत होती.

फादर बोलायला उठले. स्वभावाने सज्जन माणूस, यमुनाबाईंना ते आवडले असते. ते म्हणाले, नुसती शाल देऊन काय होणार? म्हणून सिस्टरांच्या वृद्धाश्रमात या माऊलीसाठी कायमची जागा करण्यात आली आहे. तिथे एकच खाट रिकामी झाली होती. ती पर्वतीच्या पायथ्याला राहणाऱ्या शेवंताबाईंना मिळायची होती. वर्षभर त्या वाट बघतायत, आता चालवतही नाही त्यांना. पण लाडवांची गोष्ट ऐकल्यावर सगळ्यांच्या मताने ती खाट आधी यमुनाबाईंना द्यायचं ठरलं. शेवंताबाई थांबतील.

टाळ्या झाल्या.

यमुनाबाई टाळ्या थांबायच्या आत उठल्या. ब्लँकेट सोसलं होतं. संतोषचा आशीर्वाद सोसला होता, नियाजचं पीठ सोसलं होतं, गळ्यातली पाटीसुद्धा. पण चालता न येणाऱ्या बाईची खाट आपल्या नावावर, आणि तिने थांबायचं.

कोणीतरी माइक पुढे केला. त्यांनी हाताने बाजूला सारला. तांबट आळीत हातोड्यांवर चालणाऱ्या आवाजाला माइक लागत नाही.

"ती खाट शेवंताबाईंची आहे," त्या म्हणाल्या. "आजच न्या त्यांना. माझ्या घरी माझी स्वतःची खाट आहे, शिसवी, चार माणसांना हलत नाही. मला मुलगा आहे. ज्याला तुम्ही आशीर्वाद दिलात, सिस्टर, तोच तो नालायक. सून आहे, ती चांगली आहे. दुकान माझं आहे. आणि ती पुढे खाली बघून बसलीये, निळ्या ड्रेसमधली, ती माझी नात."

हॉलमध्ये आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि ते हसू रांगारांगांतून पुढे येऊन राजनंदिनीपाशी थांबलं. फादर हळूच खुर्चीत बसले. सिस्टर दीपमाला उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"आजी, एकच विचारते. नात असली तरी हरकत नव्हती. ही तुमच्यापाशी बसली किती?"

राजनंदिनीने वर पाहिलं. सगळी पदवी, हिंजवडी, पुढचं आयुष्य त्या नजरेत होतं, आणि ते सगळं आजीच्या जिभेवर ठेवलेलं होतं. यमुनाबाईंनी नातीकडे पाहिलं. मग भिंतीवर पाहिलं.

"फोटो काढण्यापुरती," त्या म्हणाल्या.

पुढचं ऑफिसात झालं. राजनंदिनीचा निकाल राखून ठेवला. तिने सगळे तास पहिल्यापासून करायचे, शेवंताबाईंपाशी, सिस्टरांच्या डोळ्यांसमोर. तोवर पदवी नाही. हिंजवडीचे लोक थांबले तर थांबले. यमुनाबाईंनी शाल टेबलावर घडी घालून ठेवली आणि पिवळं कार्ड तिच्यावर ठेवलं. सिस्टर दारापर्यंत आल्या. "आजी, रागावू नका, पण लाडू खरंच चांगले होते."

"तूप घरचं होतं," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यात खोटं चालत नाही."

बाहेर रिक्षा मिळेना. फाटकापाशी दोघी उभ्या राहिल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. येणारीजाणारी पोरं राजनंदिनीकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. तिने त्यांच्याकडे पाठ केली. मग डोळे पुसत म्हणाली, "खाट नको एवढंच म्हणायचंस ना, आजी. माझं नाव घ्यायची काय गरज होती? सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस."

यमुनाबाईंनी पदर खोचला. आवाज चढला नाही, म्हणून राजनंदिनी जास्त घाबरली.

"लाज मी काढली नाही. पडद्यावर भिंतभर लावली होती ती तूच. मला भिकारीण केलंस, बापाला परका केलंस, शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझी कीव करायला लावलीस. त्याचा राग येऊन गेला. पण तू लिहिलंस, की या म्हातारीशी दोन शब्द बोलायला कोणी नाही. मी त्या पोत्यावर बसून पुष्कळ विचार केला, बये. तुझ्या एवढ्या सगळ्या खोट्यात तेवढं एक खरं निघालं. आता ऐक. दिवसा शेवंताबाईंकडे जायचं, ते सिस्टर बघतील. संध्याकाळी माझ्यापुढे बसायचं, ते मी बघेन. मोबाइल आईकडे द्यायचा. मी बोलेन, तू ऐकायचंस, आणि मध्येच उठायचं नाही. त्याचे गुण मिळणार नाहीत."